बाबा, तुमच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं

ती. आई-बाबा,

सा. न.

काल रात्री हैदराबादला नीट पोचले. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण स्पीकर लावला की तुम्ही दोघं एकदम बोलता आणि बाबांचं बोलणं अर्ध्यावर राहतं. शिवाय हे कागदावर असलेलं बरं. बाबा, पत्र वाचून झालं की तुमच्या त्या निळ्या वहीत चिकटवून ठेवा.

परवा निघताना जिन्यात तुम्ही म्हणालात, "माझ्यामुळे तुझे चार दिवस गेले." गाडीत बसल्यापासून तेच वाक्य मनात घोळतंय. बाबा, तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. तुम्ही चुकीचं बटण दाबलं नाहीत, नको ते उघडलं नाहीत. संगणक बंद पडत होता तो वीज कमी पडत होती म्हणून, आणि ती कमी पडण्याची सुरुवात मी केली होती. ते पुढे लिहिते.

तो दुरुस्तीवाला मुलगा दोनदा येऊन दोन्ही वेळा विंडोज फॉरमॅट करून गेला आणि जाताना, "काका, तुम्ही काहीतरी डाउनलोड केलं असणार," असं सांगून गेला. त्याचा मला राग आहेच. पण मीही फोनवर तीन वेळा तेच विचारलं, "बाबा, कुठे काय दाबलंत?" त्यानंतर तुम्ही संगणकाला हात लावायचंच सोडलंत. आईने त्यावर जुना टेबलक्लॉथ घातलाय हे मला दार उघडून आत आल्यावर दिसलं, आणि फार वाईट वाटलं. पाडव्याच्या स्वागतयात्रेतल्या आईच्या पथकाच्या लेझीमचा व्हिडिओ तुम्ही किती हौसेने जोडायला घेतला होतात!

खरं तर अर्धं निदान तुम्ही दोघांनी मी येण्याआधीच करून ठेवलं होतं. बाबांच्या वहीत अकरा नोंदी होत्या. तारीख, वेळ, काय चालू होतं, किती टक्क्यांवर बंद पडला. त्या अकराही नोंदींत एकदासुद्धा मेल वाचताना, पत्ते खेळताना किंवा जुने फोटो बघताना संगणक बंद पडलेला नाही. प्रत्येक वेळी व्हिडिओ तयार होत असताना, आणि बहुतेक वेळा साठ टक्क्यांच्या आसपास. आणि आई, तू म्हणालीस, "बंद पडायच्या आधी इस्त्री फार तापल्यासारखा वास येतो." हे तू त्या मुलालाही सांगितलं होतंस. त्याने कान दिला असता तर दोन फॉरमॅट वाचले असते.

संगणक कसा बंद पडतो यावरून बरंच कळतं. पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, दोष असेल तर पडदा क्षणभर काळा होऊन बहुतेकदा परत येतो. मेमरी खराब असेल तर बहुतेकदा निळा पडदा येतो, आणि तो कधीही, काहीही करत असताना येऊ शकतो. आपला तर दिव्याचं बटण दाबावं तसा विझायचा. विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी एकच ओळ होती, कर्नल-पॉवर ४१. तिचा अर्थ इतकाच की संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. का, ते ती सांगत नाही.

मला पहिला संशय यूपीएसचा आला. म्हणून पहिल्याच दिवशी संगणक थेट भिंतीच्या प्लगवर लावला. तरी पडला. मग उघडून साफसफाई. समोरच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाल्यापासूनची सिमेंटची धूळ प्रोसेसरच्या पंख्याखाली थर होऊन बसली होती, आणि त्याखालची थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. ती बदलल्यावर व्हिडिओच्या कामात ९४ अंशांवर जाणारा प्रोसेसर ७१ वर थांबला. आईने शिरा केला, आपल्याला वाटलं झालं काम. आणि अकराव्या मिनिटाला परत अंधार. बाबा, तुम्ही तेव्हा खुर्ची मागे सरकवून नुसते गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मला तो क्षण विसरता येत नाही.

त्या रात्री मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ लावून झोपलो. सकाळपर्यंत चारही फेऱ्यांत एकही चूक नाही, म्हणजे मेमरी संशयातून सुटली. मग चित्रांचं जड काम करणारं ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागच्या जागी लावली. तोच व्हिडिओ रडतखडत, दीड तास घेऊन, पण शेवटपर्यंत पूर्ण झाला! कार्ड परत बसवलं, की पडला. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर कार्ड खराब, नाहीतर कार्डाला पोसणारा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

इथून पुढचं काम तुमचं होतं, बाबा. तुमचा तो कंपनीतला जुना मल्टिमीटर तुम्ही कपाटाच्या वरच्या फळीवरून काढलात. मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर प्रोब धरलेत. हात जराही हलला नाही. नुसता चालू असताना ११.८६ व्होल्ट. मी एक्सपोर्ट, म्हणजे व्हिडिओ तयार करणं, सुरू केला आणि तुम्ही आकडे मोठ्याने वाचायला लागलात, ११.६, ११.४, ११.३, ११.२... आणि बंद. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४० च्या खाली ती जायलाच नको. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हे तर लोडवर बसतंय." चार दिवसांत तुमचा आवाज पहिल्यांदा तेव्हा मोकळा झाला.

वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं मशीनं तुम्ही सांभाळलीत. मी शाळेत असताना तुम्हीच मला सांगितलं होतं, की मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते आणि सप्लाय कच्चा असेल तर व्होल्टेज बसून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा स्विच, सुटतो. तेव्हा ऑपरेटरने काय दाबलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आधी सप्लाय बघितलात. हीच मोटर असती तर तुम्ही अर्ध्या तासात दोष काढला असतात. संगणक म्हटल्यावर मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतलात. तसं यापुढे करू नका, एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

मग एसएमपीएस बाहेर काढला. त्याच्या लेबलवर वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट, आणि खाली बारीक छपाईत १२ व्होल्ट, १४ अँपिअर. तुम्ही वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केलात, १६८ वॅट. आपला प्रोसेसर भरात आला की ६५ वॅटच्या आसपास घेतो आणि कार्ड १२०. बेरीज १८५, आणि दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. मेल वाचताना कार्ड जेमतेम दहा-बारा वॅट खातं, म्हणून एरवी काही कळत नव्हतं.

आणि ती वायर. कार्डाला जोडलेल्या कन्व्हर्टरचं, म्हणजे मधल्या जोडवायरीचं, पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालं होतं, बिस्किटाची कड करपते तसं. नखाने दाबलं तर पापुद्रा निघाला. आईने नाकाशी धरून सांगितलं, "हाच तो वास."

बाबा, तो कन्व्हर्टर मी लावला होता. २०२२ च्या दिवाळीत ते जुनं कार्ड मीच आणलं, आणि एसएमपीएसला कार्डासाठीची वायर नाही असं दिसल्यावर दुसऱ्या कनेक्टरवरून जुगाड करून दिला. एसएमपीएस बदलायला हवा होता. मला ते कळत होतं, पण गाडीची वेळ झाली होती आणि चालतंय ना, म्हणून निघाले. नंतर कॅबिनेटमधल्या उष्णतेने एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, वाळत गेले. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. त्यात आईचा नवा फोन ४के मध्ये चित्रण करतो. जुन्या फोनच्या एका चित्रात वीस लाखांच्या वर ठिपके असायचे, यात त्र्याऐंशी लाखांच्या आसपास आहेत. सेकंदाला अशी तीस चित्रं. म्हणून तीन वर्षं चाललेला संगणक नेमका या पाडव्याच्या व्हिडिओवर अडला. तुमची चूक असती तर मी सांगितलं असतं. ती माझी होती, आणि तुम्ही कित्येक आठवडे स्वतःला बोल लावत राहिलात, याबद्दल मला माफ करा.

नवा एसएमपीएस ५५० वॅटचा आहे. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिलंय, ते तुम्ही दुकानातच भिंग लावून वाचून घेतलंत. कार्डाची वायर त्याची स्वतःची आहे, मध्ये जोड नाही.

आता थोडं पुढचं. कॅबिनेट परत टेबलाच्या बंद कप्प्यात ढकलू नका, बाहेर विटांवर राहू दे, मागे वीतभर जागा सोडून. आई, ते दिसायला बरं नाही हे मला माहीत आहे, पण टेबलक्लॉथ नको. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मागची जाळी रंगाच्या कोरड्या ब्रशने झटका. यूपीएसची बॅटरी संपलीय, ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर मागितली की मिळेल. वीज गेली तर काम जतन करण्यापुरता वेळ मिळावा, एवढ्याचसाठी ती हवी. जुना एसएमपीएस मात्र उघडून बघू नका, बाबा, तुम्हाला मोह होणार हे मी ओळखून आहे. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात. तो तसाच ई-कचऱ्यात द्या.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत अपडेट बंद झालेत आणि आपला प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्याला रीतसर चालत नाही. त्याचं काय करायचं ते मी पुढच्या खेपेला बघते. तोवर बँकेची कामं त्यावर नकोत.

परत कधी बंद पडला तर आधी वहीत लिहा, मग मला फोन करा. मी "काय दाबलंत?" असं विचारणार नाही.

शनिवारी संध्याकाळी तो व्हिडिओ लावला तेव्हा बासष्ट टक्क्यांना आपण तिघंही गप्प झालो होतो. कुकरची शिट्टी झाली तरी आई उठली नाही. त्रेसष्ट झाले, सत्तर झाले, आणि अठराव्या मिनिटाला फाइल तयार. बाबा, तुम्ही लगेच वहीत लिहिलंत, "पूर्ण." त्याखाली दोन रेघा मारल्यात.

तो मी काल गाडीत पुन्हा पाहिला. शेवटची दोन मिनिटं कापून टाकायची असं तुम्ही म्हणत होतात, कारण त्यात लेझीम नाही. ती कापू नका. यात्रा पुढे निघून गेलीय, आई तलावपाळीच्या कठड्याला टेकून धापा टाकत हसतेय, नऊवारीचा काष्टा सुटत आलाय, आणि कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज येतो, "अगं, आधी पाणी पी."

तुमची,
मिनू