मुलांच्या खुब्याचे फ्रॅक्चर आणि रोबोट

मा. संपादक,
स. न.

रोबोटच्या साह्याने होणाऱ्या गुडघेरोपणाच्या जाहिराती ठाणे व नवी मुंबईत सध्या जागोजागी दिसतात. त्यामुळे मुलाचे खुब्याजवळचे हाड मोडले तरी पालक रोबोटचीच चौकशी करतात. शस्त्रक्रियागृहात सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्रे दाखवणारे यंत्र, चालवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातील गोळ्याखालचा अरुंद भाग, मोडणे मुलांमध्ये दुर्मीळ, एकूण अस्थिभंगांच्या 1 टक्क्याहूनही कमी आहे. मात्र गॅलरीतून पडणे किंवा वाहनाची धडक अशा जबर आघाताने ती मोडली आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तो गोळा निर्जीव होऊन खचू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या 24 तासांत व्हावी, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात.

अशा फ्रॅक्चरसाठीचा रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. सर्जनने क्ष-किरण चित्रांवर आखलेल्या रेषेत त्याचा यांत्रिक हात एक नळी स्थिर धरतो आणि तिच्यातून सर्जन गाईड वायर, म्हणजे जिच्यावरून पुढे स्क्रू बसवतात ती बारीक तार, घालतात. मुलाच्या हाडाची मान अरुंद असते आणि वरच्या बाजूची वाढीची चकती (जिथून हाड वाढते तो कूर्चेचा थर) स्क्रूने शक्यतो ओलांडायची नसते. अशा वेळी वायर चुकली की ती काढून पुन्हा घालावी लागते, हाडात नवे छिद्र पडते आणि कोवळ्या ओटीपोटावर पुन्हा किरणांचा मारा होतो. तो मारा कमी होणार असेल, तर मला या यंत्राचे मोल मोठे वाटते. परंतु सरकलेले हाड जागेवर नीट बसवणे हे सर्जनच्याच हातचे काम आहे, आणि ते साधले नाही तर अचूक बसलेल्या स्क्रूचाही उपयोग नाही. शिवाय गुडघेरोपणासाठी घेतलेला रोबोट या कामाला सहसा चालत नाही, हे जाहिरातींतून कोणी सांगत नाही.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचे जखमी मूल ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तेथून कधी मुंबईला पाठवले जाते. मोलाचे तास या प्रवासातच सरतात. त्यामुळे सार्वजनिक रुग्णालयात असे यंत्र घ्यायचे असेल तर ते अस्थिभंगासाठी वापरता येईल याची खात्री करून घ्यावी, आणि लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ, बालअस्थिरोगतज्ज्ञ व सी-आर्म तंत्रज्ञ रात्रीही उपलब्ध राहतील अशी पदे त्याच्या आधी भरावीत. ही पदे रिकामी राहिली तर रात्री आलेल्या मुलाला त्या यंत्राचा काडीचाही लाभ होणार नाही.

गोळा खचल्याची लक्षणे अनेक महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनीही दिसतात. मूल चालू लागले की पालक तपासणीला येणे थांबवतात, हे मी पाहिले आहे. डिस्चार्ज कार्डावर निदान पहिल्या दोन वर्षांच्या क्ष-किरण तपासण्यांच्या तारखा मराठीत लिहून द्याव्यात, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
नौपाडा, ठाणे