मेलमधला सर्टिफिकेटचा इशारा आणि 'येस करत जा'

मा. संपादक,

फोंड्यात आम्ही छोटी दुकानं, पतसंस्था, एखाददुसरं हॉटेल यांची हिशेबाची कामं करतो, त्यामुळे रोज कुणा ना कुणाच्या कॉम्प्युटरसमोर बसणं होतं. हल्ली जिथे जावं तिथे मेलचं आऊटलूक उघडलं की तीच विंडो, सर्टिफिकेटमध्ये (म्हणजे मेलचा सर्व्हर खरा तोच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्रात) गडबड आहे, पुढे जायचं का? आणि माणूस न वाचता 'येस' दाबून मोकळा. विचारलं तर म्हणतात, मेल देणाऱ्यांनीच फोनवर सांगितलंय, येस करत जा. हे सांगणंच चूक आहे, म्हणून हे पत्र.

अहो, 'व्ह्यू सर्टिफिकेट' दाबून बघा तरी. कुणाच्या नावावर आहे, कुणी दिलंय, कुठल्या तारखेपर्यंत चालतं, सगळं तिथे लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, जुन्या मशीनमधला घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असला की लाईट गेल्यावर घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतं, मग आजचं सर्टिफिकेट त्या मशीनच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं! सेल बदला, तारीख नीट करा, विषय संपला.

तारीख बरोबर असेल तर नाव बघा. सेटिंगमध्ये आपल्या डोमेनचं, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं, नाव टाकलेलं असतं आणि सर्टिफिकेट असतं होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे मेलची सेवा देणाऱ्याच्या, सर्व्हरच्या नावावर, आऊटलूक तेव्हा 'टार्गेट प्रिन्सिपल नेम' चुकलंय म्हणतं. त्यांच्याकडून सर्व्हरचं बरोबर नाव घेऊन इनकमिंग आणि आऊटगोइंग दोन्हीकडे टाकायचं, बस. आऊटलूकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरणारे कायमचं एक्सेप्शन (हे सर्टिफिकेट चालेल अशी सूट) देतात, पण ते त्या एकाच सर्टिफिकेटपुरतं असतं, लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं, ते नवीन झालं की इशारा परत हजर. कधी कधी अँटीव्हायरस मेल तपासायला मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घालतो, 'कुणी दिलं' तिथे त्याचं नाव दिसेल.

पण घरी-ऑफिसात सगळं नीट आणि हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवरच इशारा आला तर येस अजिबात नको. मध्ये कुणी बसलेला असला तर पासवर्ड सरळ त्याच्या हातात जातो, आणि त्याच मेलवर आपली बँकेची स्टेटमेंटं येतात.

सर्टिफिकेटची मुदत आता आणखी कमी होत जाणार आहे, १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस असं ठरलंय. हाताने रिन्यू करणाऱ्या होस्टिंगवाल्यांचं तेव्हा कसं होणार? त्यांनी रिन्यूअल आत्ताच ऑटोमॅटिक करावं, सर्व्हरचं बरोबर नाव प्रत्येक ग्राहकाला लेखी द्यावं आणि फोनवर 'येस दाबा' सांगणं बंद करावं. ग्राहकांनीही बिल भरण्याआधी हे मागून घ्यावं.

- एक वाचक, फोंडा