लिलावाच्या दिवसापर्यंत थांबा, हा सल्ला मागे घ्या

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत थकलेल्या गृहकर्जांवरचा लेख वाचला. ‘लिलाव होईपर्यंत कर्जदार कधीही पैसे भरून घर सोडवू शकतो’ असं त्यात ठामपणे लिहिलं आहे. हे साफ चूक आहे. या वाक्यावर विसंबून जो थांबेल त्याचं घर जाईल.

सरफेसी कायदा म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता जप्त करून विकायचा अधिकार बँकांना देणारा कायदा. त्याच्या कलम १३(८) मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत मुभा होती. आता लिलावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येण्याच्या आत पैसे भरावे लागतात. तेही थकलेले चार हप्ते भरून चालत नाहीत. कर्जाची सगळी बाकी, व्याज आणि बँकेचा खर्च एकदम भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. नोटीस छापून आली की हा हक्क संपला. लेखकाने जुना कायदा वाचून नवा सल्ला दिला आहे.

माणूस फसतो तो याच्याही आधी. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातलं, होतं. त्यानंतर ‘एक-दोन हप्ते भरून टाका, खातं सुधारेल’ असं शेजारीपाजारी सांगतात. सुधारत नाही. सगळी थकबाकी चुकती झाल्याशिवाय खातं पुन्हा नियमित करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून जी काही धडपड करायची ती ९० दिवसांच्या आतच करावी लागते.

पुढे कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. तिच्यातले आकडे खातेउताऱ्याशी ताडून पाहायचे, हरकत असेल तर लेखी द्यायची आणि आपल्या प्रतीवर बँकेच्या आवक विभागाचा तारखेसह शिक्का घ्यायचा. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाखेत जाऊन साहेबांशी बोलून आलो, याला काहीही किंमत नाही.

सर्वांत घातक कागद त्यानंतर येतो. दारावर डिंकाने चिकटवलेली ताबा नोटीस. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून घरचे ती ओली असतानाच फाडतात, तिचे तुकडे कचऱ्यात जातात आणि घरात राहणं तसंच चालू राहतं. ‘सांकेतिक ताबाच, म्हणजे कागदोपत्रीच तर घेतलाय, कुलूप कुठे लावलंय?’ असं म्हणतात. पण कर्ज वसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करायची ४५ दिवसांची मुदत याच ताब्यापासून मोजायला लागते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मुख्य दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन माणसं खरोखर कुलूप लावायला येतात, तोवर ते दिवस सहसा उलटलेले असतात. दिवाणी कोर्टात धाव घेऊन उपयोग नाही, कलम ३४ तिथला रस्ता बंद करतं. तेव्हा नोटीस फाडू नका. तारखेसकट तिचा फोटो काढा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

कर्जदार बेफिकीर असतात, हा लेखातला सूरही मला खटकला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ झाला. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाचा ७ टक्क्यांनी हप्ता २३,२५९ रुपये. बाकी ३० लाखांच्या आसपास असताना दर ९.५ झाला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच २३,७५० होतं. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज वाढतच जाणार. मग बँक हप्ता जवळपास २८ हजारांवर नेते, खात्यात तेवढी शिल्लक नसते, खात्यातून हप्ता आपोआप वळता करायचा आदेश (मॅन्डेट) बाउन्स होतो, वर दंड लागतो. त्यात कोविडचं मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्यांना दिलेली तात्पुरती सवलत. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. हे लोकांना कुणी नीट समजावून सांगितलं? दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक सांगतं. तो पर्याय लेखी मागा. लेखात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्राबद्दल. ताबा आणि लिलावाच्या नोटिसा आपण छापता, पण त्यांचा टाइप भिंग घेऊनही वाचवत नाही. कायद्याने दोन वर्तमानपत्रांत नोटीस द्यायला लावली आहे, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. ते कशासाठी? कर्जदाराला कळावं म्हणूनच ना? ‘निम्नस्वाक्षरीकार’, ‘जसे आहे जेथे आहे तत्त्वावर’ ही भाषा ज्याचं घर चाललंय त्याला कळत नाही. ‘यापुढे ४५ दिवसांत अर्ज करता येईल’ एवढी एक ओळ ठळक अक्षरांत छापण्याचा आग्रह आपण जाहिरातदार बँकांकडे धरू शकता.

लेखाची दुरुस्ती उद्याच्याच अंकात छापावी. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली