नातवाला वाचायला कधी शिकवावे? (मित्रास पत्र)

फोंडा, गोवा
१२ जुलै २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नातू चौदा महिन्यांचा झाला, भिंतीला धरून चालू लागला, आणि एवढ्यातच त्याच्यासाठी 'वाचायला शिकवणारा संच' घ्यायचा की नाही ह्यावरून घरात दोन तट पडले, हे वाचून आधी हसू आले. मग वाटले की पस्तीस हजारांचे हप्ते आणि लेकीचा हट्ट, दोन्ही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिलीच्या वर्गावर माझी सारी नोकरी गेली म्हणून तू मला विचारतोस, तेव्हा मत आधी सांगून टाकतो आणि कारणे मागाहून देतो. संच घेऊ नये. नातवाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडायला मात्र आजपासूनच लागावे.

विक्रेत्याने ही पद्धत अगदी नवीन असल्याचे सांगितले, असे तू लिहितोस. ती नवीन नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे ग्लेन डोमन मेंदूला इजा झालेल्या मुलांवर उपचार करीत असत. त्यांनी १९६४ साली तान्ह्या मुलांना वाचायला शिकवण्याविषयी पुस्तक काढले आणि ते जगभर खपले. मोठ्या लाल अक्षरांत एकेक शब्द लिहिलेली कार्डे मुलासमोर झरझर धरायची, शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि हे दिवसातून अनेकदा करायचे, असा त्यांचा परिपाठ होता. तुझ्या दारात आलेली पेटी ही त्याच कल्पनेची पुढची पिढी आहे; फरक एवढाच की कार्डांच्या जोडीला आता व्हिडिओ आणि मोबाईलवरचे ॲप आले आहे.

ह्याच जातीचा 'युअर बेबी कॅन रीड' नावाचा संच अमेरिकेत धडाक्याने विकला जात होता. नऊ महिन्यांची बाळे वाचू लागतात, ह्या त्याच्या दाव्याला पुरावा नाही म्हणून २०१२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या सरकारी संस्थेने, फसव्या जाहिरातीचा ठपका ठेवला आणि त्याच वर्षी कंपनीने आपला गाशा गुंडाळला. पुढे २०१४ साली सुझन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी नऊ ते अठरा महिन्यांची ११७ बाळे घेतली, त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाच्या घरी सात महिने असा संच वापरायला दिला. नंतर चौदा प्रकारे मोजमाप केले, तेव्हा तेरांमध्ये दोन्ही गटांत काही फरक आढळला नाही. चौदावे मोजमाप आईवडिलांच्या समजुतीचे होते. संच वापरणाऱ्या आईवडिलांना आपले बाळ शिकत आहे असे मनापासून वाटत होते! तुझ्या लेकीच्या मैत्रिणी ह्या संचाची एवढी वाखाणणी का करतात, ह्याचे उत्तर मला ह्या चौदाव्या मोजमापात दिसते. त्या खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे खरोखरच दिसते.

आमच्या वाड्यावर अडीच वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई कार्डे धरायची आणि ती 'आंबा', 'घर', 'मासा' असे धडाधड म्हणायची, की पाहुणे थक्क व्हायचे. एका संध्याकाळी मी कोऱ्या कागदावर काळ्या शाईने 'मासा' लिहून तिच्यापुढे धरले. ती गप्प राहिली आणि कागद उलटा करून मागे चित्र आहे का ते पाहू लागली. मग 'आंबट' लिहिले, तर पहिले अक्षर पाहून लगेच 'आंबा' म्हणाली. तिची बुद्धी कमी आहे असे मुळीच नाही. उलट, कार्डाचा रंग आणि शब्दाचे सुरुवातीचे वळण एवढ्यावरून तिने जे जमवले होते, ते त्या वयाला कौतुकास्पद आहे. पण ती खुणेवरून वस्तू ओळखत होती. आपल्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसची पाटी पाहून 'पणजी' म्हणणारे तीन वर्षांचे पोरही तेच करते. वाचन म्हणजे पूर्वी कधीही न पाहिलेला शब्द अक्षरांवरून उच्चारता येणे आणि त्याचा अर्थ लागणे. कार्डांचा ढीग कितीही उंच झाला तरी त्यातून हे आपोआप उगवत नाही.

ह्याचे मूळ कानात आहे. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो, 'पाव', 'पाट' आणि 'पाणी' एकाच ध्वनीने सुरू होतात, हे मुलाच्या कानाला जाणवू लागले की मगच 'पा' ह्या खुणेला काही अर्थ येतो. ही जाण साधारणपणे तीन-चार वर्षांपासून पुढे पक्की होत जाते, आणि चौदा महिन्यांच्या बाळाला तर अजून शब्दच गोळा करायचे असतात. शिवाय आपली लिपी दिसते तितकी सरळ नाही. पहिलीतील मूल 'कि' वाचताना का अडते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे: वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चार मात्र तिच्या मागच्या 'क'चा आधी करायचा असतो. 'र' तर सोंगाड्याच. 'सूर्य'मध्ये माथ्यावर, 'प्रकाश'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये आणखी तिसऱ्याच वेषात. बाराखडीची रूपेच चारशेच्या वर जातात आणि जोडाक्षरे वेगळी. कन्नड लिपीचीही घडण अशीच आहे, आणि ती शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग ह्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात अक्षरे पक्की होण्याचे काम चौथीपर्यंत चालूच असल्याचे दिसले. जे काम शाळेतील शहाण्या मुलांना इतकी वर्षे पुरते, ते तान्ह्या बाळाकडून पेटीभर कार्डांनी उरकून घ्यायची घाई कशासाठी?

आता मांडीवरच्या पुस्तकाविषयी. माझ्या पुतण्याची मुलगी दीड वर्षाची आहे. तिच्या पुस्तकात मासळीबाजाराचे एक चित्र आहे. टोपलीवर बोट ठेवून ती आपल्या बोबड्या कोकणीत 'नुत्ते', म्हणजे नुस्ते, मासळी, म्हणते आणि लगेच स्वयंपाकघराकडे पाहते. अशा वेळी 'हे नुस्ते, आता पुढचे पान' असे म्हणून उरकायचे नसते. 'होय, नुस्ते. हा बांगडा. आजीने सकाळी बांगड्याचे हुमण केले, ते कोणी खाल्ले?' असे तिच्या एका शब्दाला आपली दोन वाक्ये जोडायची, आणि ती काहीतरी उत्तर देईपर्यंत थांबायचे. थांबणे हाच ह्यातला अवघड भाग आहे. आम्हा मास्तरांना तर तो फारच जड जातो. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना नेमके हेच शिकवले होते. नुसते वाचून दाखवू नका, प्रश्न विचारा, मुलाचे उत्तर वाढवून परत सांगा, असे सांगून महिनाभर तसे करवून घेतले, तेव्हा ती मुले बोलण्यात इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे, आणि त्याला एका साध्या चित्रांच्या पुस्तकापलीकडे काही सामग्री लागली नव्हती.

पुस्तक समोर धरणारे माणूस मात्र जिवंत हवे. सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल ह्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींपुढे चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून खेळली आणि वाचून दाखवू लागली, तर काहींना तेच सारे पडद्यावर दाखवले. माणसांजवळ बसलेल्या बाळांच्या कानाने चिनी ध्वनी टिपले. पडद्यापुढच्या बाळांना काहीच लाभ झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या सूचनांतही एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये असेच आहे. म्हणून संचातील तो व्हिडिओ फुकट मिळाला तरी लावू नका.

पुस्तके कोणती, असे तुझी पत्नी विचारील. आपल्या पावसाळ्यात पातळ कागदाची पाने फुगतात, त्यांना बुरशीचा वास येतो, आणि ह्या वयाचे मूल पुस्तक आधी दातांनीच तपासते. तेव्हा जाड पुठ्ठ्याची किंवा कापडी पुस्तके घ्यावीत. कापडी पुस्तक धुऊन पंख्याखाली वाळवता येते. पुढच्या वयासाठी नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त चित्रपुस्तके आहेतच, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात. त्या मात्र तू आधी वाचून घे आणि नातवाला तोंडाने सांग. आणि एकच पुस्तक त्याने पुन्हापुन्हा मागितले तर कंटाळू नकोस. आता पुढे काय येणार हे ओळखण्यात त्याला गंमत वाटते, आणि त्याच गमतीत शब्द मुरतात.

भाषेचा प्रश्न तू जरा चाचरत विचारला आहेस. घरात कोकणी, देवघरात आणि वर्तमानपत्रात मराठी, आणि जावयाला हवी इंग्रजी. ही आपल्या गोव्यातील निम्म्या घरांची कथा आहे. माझे म्हणणे असे की मूल ज्या भाषेत रडते आणि हट्ट करते, त्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावे. तुम्हा दोघांना कोकणीत बोलणे सहज येते, तर कोकणीतच बोला. गोष्ट मराठी पुस्तकातून वाचा आणि चित्रावरचे बोलणे कोकणीत करा, त्याने मूल गोंधळत नाही. ध्वनी ओळखण्याचा कान एकदा तयार झाला की तो दुसऱ्या भाषेलाही उपयोगी पडतो, आणि आपल्याकडे मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असल्याने अक्षरांचे श्रमही एकदाच पडतात. तुझ्या आईला जी हुमाणी, म्हणजे कोकणी कोडी, पाठ होती ती आठवून लिहून ठेव. नातू तीन वर्षांचा झाला की यमकांच्या खेळाला त्यांच्यासारखे साधन नाही.

लेकीची खरी धास्ती मला शाळाप्रवेशाची वाटते. तिला सांग की शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ सालच्या कायद्याच्या, तेराव्या कलमाने प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचे वय सहा धरले आहे. लवकर वाचू लागलेले मूल पुढे राहतेच असेही नाही. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या आसपास दोन्ही गट बरोबरीला आलेले दिसले. क्वचित एखादे मूल तीन वर्षांचे होण्याआधी आपण होऊन वाचू लागते. त्याला अडवू नये, परंतु ते बोलण्यात आणि माणसांत मिसळण्यात मागे असेल तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

अक्षरे केव्हा, तर मुलाने 'हे काय लिहिले आहे?' असे विचारायला सुरुवात केली म्हणजे. बहुधा चौथ्या वर्षाच्या पुढेमागे ते विचारू लागते. तेव्हा त्याच्याच नावाच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी. ताटात पसरलेल्या तांदळात बोट फिरवू द्यावे. माँटेसरीबाईंनी ह्याच कामासाठी खरखरीत कागदाची अक्षरे केली होती. आपल्याकडची धुळाक्षरे तर त्याहून कितीतरी जुनी. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका ह्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि मुलाच्या कलाने घ्यावे हे त्यांचे सांगणे आजही जुने झालेले नाही. दसऱ्याला पाटी जरूर पुजा, पण दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी लावू नका.

पहिला हप्ता अजून भरला नसेल तर भरू नका, आणि भरला असेल तर पावती घेऊन पैसे परत मागा. विक्रेता 'आजच सवलत आहे' म्हणत राहील, ते मनावर घेऊ नका. तू रायबंदरला राहतोस, म्हणजे पणजीतील पाट्टोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय तुला बसच्या वाटेवरच आहे. १८३२ पासूनची ती संस्था आहे आणि तिथे बालविभागही आहे. ह्याच आठवड्यात जाऊन तिथल्या सभासदत्वाची चौकशी कर आणि नियम काय आहेत ते मला कळव, कारण पुतण्याच्या मुलीसाठी मलाही ते हवे आहेत. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता