गाडीच्या फोटोवरून

डॅलस, १२ एप्रिल

प्रिय मंद्या,

गाडीचा फोटो पाहिला. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू आणि चिरंजीव स्टिअरिंगला लटकलेले. अभिनंदन बे! पेढे उधार.

फोनच करणार होतो, पण हे बोलताना माझा आवाज अजून नीट राहत नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या जूनमधली गोष्ट. चिनूला डे-केअरला सोडायचं काम रोज मेघाचं. त्या दिवशी माझ्याकडे आलं. तिची कारसीट मागे, तोंड मागच्या काचेकडे. पाच मिनिटांत पोरगी गाढ झोपली. सिग्नलला उजवीकडे वळायचं, तर मी रोजच्यासारखा सरळ ऑफिसला. गाडी लावली, बॅग उचलली, दार उघडलं आणि ती शिंकली. मेघाला हे सांगायला मला दोन महिने लागले.

मग वाचत सुटलो. १९९८पासून अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७ लेकरं बंद गाडीत तापून गेली आहेत. निम्म्याहून जास्त आईबापांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या विसरण्यामुळे. डेव्हिड डायमंड नावाचे मेंदूचे अभ्यासक म्हणतात की सवयीचा रस्ता लागला की मेंदू ‘आज पोराला सोडायचंय’ हे बाजूला टाकतो. माया कमी असते म्हणून नव्हे. पूर्वी मी अशा बापांना शिव्या घालायचो.

आणि ऊन किती लागतं? बाहेर ३२ अंश असेल तर दहा मिनिटांत आत ४३, अर्ध्या तासात ५१. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब तूच कर.

तुझ्याकडे मात्र धोका दुसराच वाटतो. अंगणात उभी गाडी, दार उघडं, दुपारी सगळे झोपलेले. पोरगं खेळायला आत शिरतं, दार लागतं, चाइल्ड लॉक असला तर मागचं दार आतून उघडतच नाही. म्हणून अंगणातही लॉक कर आणि किल्ली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. हॉर्न किल्लीशिवाय वाजतो का बघ. वाजत असेल तर त्याला वाजवायला शिकव, कान किटले तरी चालतील. पोरगं दिसेनासं झालं तर आधी गाडी बघ, डिकीसकट. शेजारीपाजारी नंतर. आणि ‘दोन मिनिटांत दूध घेऊन येतो’ म्हणून त्याला गाडीत ठेवू नकोस, एसी चालू असला तरी.

मी काय करतो? चिनू गाडीत असली की डावा बूट मागच्या सीटवर. ऑटोमॅटिक गाडीत त्या पायाला काम नसतं. तुझी गिअरची, तू डबा ठेव. नऊपर्यंत ती पोचली नाही तर फोन करा, असं डे-केअरलाही सांगून ठेवलंय.

परवा घाईत तसाच उतरलो, तर डांबर इतकं तापलेलं की मोज्यावरच उड्या मारत मागचं दार गाठलं. मेघा अजून हसतेय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या