फणसाड सहलीस येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

मुरूडच्या नवाबांचे एकेकाळचे शिकारीचे राखीव रान आणि 1986 पासून अभयारण्य असलेल्या फणसाडला आपण जात आहोत, तेव्हा सर्व सभासदांनी पुढील बाबींची कृपया नोंद घ्यावी.

ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांच्या दाटीतून चढत गेलेली गारंबीची महावेल हे या रानाचे वैभव आहे. तिच्या हातभर लांब शेंगा आणि गुळगुळीत, तपकिरी, चपट्या बिया पाहून मोह होतो हे खरे. परंतु खाली पडलेली बीसुद्धा उचलून आणू नये, कारण पुढची वेल तिच्यातूनच उगवायची असते. वेलीवर झोके घेणे तर कटाक्षाने टाळावे.

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्यामुळे त्याचे काटक्या-पानांचे गोल घरटे उंच शेंड्यांच्या बेचक्यांत शोधावे आणि ते दिसल्यास झाडाखाली गर्दी न करता दुरूनच दुर्बिणीने पाहावे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागेल, कारण त्यांची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि माणसांच्या वावरामुळे घरटे सोडले गेल्यास तो हंगाम वाया जातो. त्यांच्या घरट्यांची ठिकाणे दर्शवणारी छायाचित्रे कोणीही समाजमाध्यमांवर टाकू नयेत, ही आग्रहाची विनंती आहे.

येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. तेथे बोलणे पूर्णपणे बंद ठेवावे. कपडे मातकट वा हिरव्या रंगाचे असावेत, आणि प्लास्टिकच्या बाटल्या आणू नयेत.