आप्पांची काळी पेटी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा विषय ओठांवर आला आणि तीनदा गिळला. म्हणून पत्र. आई, हे तूच मोठ्याने वाचणार, कारण बाबांचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही. (टीव्हीच्या मागे बघ.) वाचायच्या आधी त्यांना नीट टेकून बसू दे, गुडघ्याखाली उशी दे. आणि मधेच थांबून माझी बाजू घेऊ नकोस. ते आणखी चिडतात.

मी लॉजमध्ये जायचं ठरवलंय. हो, फ्रीमेसनांच्या त्या जुन्या बंधुमंडळाच्याच शाखेत. आप्पा आजोबांची ती नव्हे, इथली, पण शेवटी एकच. अर्ज गेल्या आठवड्यात दिला. म्हणजे ‘जाऊ का’ असं विचारणारं हे पत्र नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतंय. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बाबा गप्प बसले असते, आणि त्या गप्प बसण्यापुढे माझं आजवर कधी काही चाललेलं नाही.

आधी आईची भीती. तू तो व्हिडिओ पाहिलास, मला पाठवलास, आणि वर लिहिलंस, ‘गळा कापायची शपथ घेतात म्हणे.’ आई, अशी भाषा जुन्या शपथेत खरोखर होती. गळा चिरणं, जीभ उपटणं, सगळं. पण मेसन म्हणजे गवंडी, आणि ती जुन्या गवंड्यांच्या काळातल्यासारखी भाषा होती, त्याप्रमाणे कुणी वागावं असा तिचा अर्थ नव्हता. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे लॉजच्या वरच्या संस्थेने, १९८६ साली शारीरिक शिक्षांचे हे उल्लेख शपथेतून काढून टाकायचं ठरवलं. सैतानाची पूजा वगैरे जे त्या व्हिडिओत होतं, त्यातलं बरंच एका फ्रेंच माणसाचं देणं आहे. लिओ टॅक्सिल नावाचा हा गृहस्थ वर्षानुवर्षं असल्या कहाण्या छापत राहिला आणि १८९७ मध्ये भर सभेत उभा राहून म्हणाला, सगळं मी रचलेलं होतं. त्याने कबूल केलं, पण कहाण्या थांबल्या नाहीत. आता त्या तुझ्या मोबाइलवर पोचल्यात.

धर्म बदलावा लागत नाही. उलट अर्जात पहिला प्रश्नच हा असतो की ईश्वरी शक्तीवर विश्वास आहे का. शपथ घेताना ज्याचा त्याचा धर्मग्रंथ समोर ठेवतात. आणि आत धर्मावर, राजकारणावर वाद घालायला बंदी. बाबा, आपल्या घरात ही बंदी असती तर काका अजून बोलत असता आपल्याशी.

आणि जग चालवतात म्हणे! परिचयाच्या संध्याकाळी मी गेलो होतो, घरच्यांनाही बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर खुर्च्या कुणी लावायच्या यावर त्यांचं बराच वेळ एकमत होईना. तुमची सून माझ्या कानात म्हणाली, ‘यांच्या हातात जग असेल तर अवघड आहे.’ तिची एक तक्रार मात्र खरी आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. या जुन्या पठडीच्या लॉजमध्ये बायकांना प्रवेश नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखा पॅरिसमध्ये १८९३ सालीच निघाली, पण मी जिथे चाललोय ती ती नव्हे. तिने ‘जा’ म्हटलंय. कसं म्हटलं ते लिहीत नाही.

मग का जातोय? हे मी स्वतःलाच दहा वेळा समजावलंय, अकराव्यांदा तुम्हाला.

आमच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांचं मोठं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात. मी एकदा भेटायला गेलो, पंधरा मिनिटं बसलो, फळं ठेवून निघालो. कॉटशेजारी एक माणूस पेपर वाचत बसला होता. मला वाटलं भाऊ असेल. तो लॉजमधला होता. तिघांनी रात्री वाटून घेतल्या होत्या. त्याने पेपर खाली ठेवला, पेशंटची चादर पायावर सारखी केली आणि पुन्हा पेपर उचलला, बस्स. गाडीत बसल्यावर मी मोजायला लागलो, की माझ्या कॉटशेजारी कोण पेपर वाचत बसेल. दोन नावांवर अडकलो, त्यातलं एक ताईचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मित्र कसे करतात ते मला येत नाही, बाबा. शाळेत तुम्ही हात धरून नेलंत आणि बाकावर बसवलंत, ‘याच्याशी बोल’ म्हणालात, आणि मी बोललो. आता तसं कुणी बसवत नाही.

तिथल्या गोष्टी तुम्हाला आवडल्या असत्या, हे लिहायला जरा भीती वाटते, तरी लिहितो. सगळी भाषा बांधकामाची आहे. गुण्या, ओळंबा, पाणसळ. लंडनमधल्या चार लॉज १७१७ साली एका दारूच्या गुत्त्यात जमल्या आणि तिथून ग्रँड लॉज सुरू झाली असं ते सांगतात. त्या वेळेपासून यात दगड घडवणारे कमी आणि नुसतं घडण्याबद्दल बोलणारे जास्त. नव्या माणसाला डोळे बांधून, पँटचा एक पाय वर दुमडून आत आणतात. खिशातले पैसे, अंगठी, धातूचं असेल ते सगळं आधीच काढून घेतात. आणि मग त्याच्यापुढे हात पसरतात, गरिबांसाठी काहीतरी द्या म्हणून. त्याच्याकडे काहीच नसतं. हे वाचलं तेव्हा मला तुमचा महिन्याचा शेवटचा आठवडा आठवला, आणि तरीही दारात आलेल्याला तुम्ही कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाहीत ते.

पहिल्या पायरीला एक चोवीस इंची पट्टी दाखवतात. दिवसाचे चोवीस तास, कशाला किती ते मापायचं. काही वेळ प्रार्थनेला, काही कामाला, काही विश्रांतीला, काही दुसऱ्याच्या मदतीला. आणि मदतीच्या बाबतीत एक अट आहे, स्वतःच्या माणसांचं नुकसान होऊ न देता.

बाबा, ही अट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन दिवस उघडलं नाही.

त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. ती मला आजीने सांगितली होती, तुम्ही कधीच नाही. अकरा वर्षांचे होतात, पायात चप्पल नव्हती, एवढंच मला माहीत आहे आणि एवढंच पुरे आहे. पण त्या दारावरच्या माणसाबद्दल मी विचारून आलोय. मुलाखतीला तिघे जण घरी आले होते. काम काय, घरच्यांची हरकत नाही ना, असं सगळं विचारून झालं, आणि ते म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हटलं, दाराबाहेर तलवार घेऊन जो उभा असतो, टायलर म्हणता तुम्ही त्याला, त्याच्याकडे कुणाच्या घरून निरोप आला तर तो काय करतो?

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यातले सगळ्यात म्हातारे म्हणाले, तो दार ठोठावतो, आतला राखणदार मास्टरला, म्हणजे लॉजच्या प्रमुखाला, सांगतो, आणि माणूस त्या पावली उठून घरी जातो. मी विचारलं, साठ वर्षांपूर्वीही असंच होतं का? ते म्हणाले, रीत हीच होती. माणसं कशी होती ते मला नाही सांगता येणार.

मी त्यांना होकार दिला तो या उत्तरामुळे. त्यांनी बचाव केला असता तर नसता दिला.

अजून मतदान व्हायचंय. गोळ्या टाकून करतात, पांढऱ्या आणि काळ्या, कुणी कुठली टाकली ते कळत नाही. एक-दोन काळ्या पडल्या तरी काम संपलं. आई, तू इथून मनातल्या मनात टाकू नकोस. आणि जमलं नाही तर सोडता येतं, राजीनामा द्यायचा, मोकळं व्हायचं. माझी इंजिनिअरिंगची गोष्ट पुन्हा होणार नाही, हे लिहून देतो.

महिन्यातली एकच संध्याकाळ आहे, गुरुवार. रविवारचा आपला फोन तसाच राहील, नऊ वाजता. मी येतो त्या सुट्ट्या तशाच. पैशांचं बाबांनी विचारू नये, वर्गणी माझ्या पगारात बसते, आणि तुमच्या औषधांच्या पैशांना तिचा धक्का लागणार नाही.

आता माझं ऐका. बाथरूममधला दिवा रात्री चालूच ठेवायचा, बिलाची काळजी करायची नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही, बरं वाटतं ते गोळीमुळेच. आई, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायला आता कुठलंही कारण चालणार नाही, तारीख ताईने घेतली आहे. माळ्यावर दोघांपैकी कुणीही चढायचं नाही.

माळ्यावरून आठवलं. आप्पांची काळी पेटी मला नको आहे. मी मागणार असं तुम्हाला वाटलं असेल, म्हणून आधीच सांगतो. नव्या माणसाला गवंड्यासारखा साधा पांढरा एप्रन तिथेच देतात. सातवीत असताना ती पेटी मी चोरून उघडली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली तो मऊ कातड्याचा एप्रन, आणि कडेला तुमच्या हातची घडी घातलेला ताजा कागद. दर वर्षी तो कागद बदलत होतात तुम्ही. मी झाकण लावलं आणि आजपर्यंत कुणाला बोललो नाही. आप्पा गेले तेव्हा ते सहा जण दारात आले, तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत, आईने पाणी दिलं. ते एप्रन मागत होते का, तेही मी कधी विचारलं नाही. तुमची पेटी आहे, तुमच्याकडे राहू दे.

सोबत एक कार्ड आहे, मोठ्या अक्षरांत लिहिलंय. त्यावर लॉजच्या इमारतीचा नंबर आहे, दारावरच्या माणसाच्या हाताशी असलेल्या फोनचा. मी निवडून आलोच तर गुरुवारी माझा मोबाइल बंद असेल, तेव्हा हा लावायचा. फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवा, कपाटात ठेवू नका. कारण मोठं असायची गरज नाही. बाबांना उगाच बोलावंसं वाटलं, तरी लावा. मी बाहेर येईन.

तुमचा,
धाकटा

ता. क. आई, चष्मा टीव्हीमागे नसेल तर त्यांच्या कपाळावर बघ.